आई आणि मी मिळून घर घेतलं, त्याची हकीकत

जून २०२५ मध्ये आई आणि मी मिळून कोथरूडला फ्लॅट घेतला. निम्मा हिस्सा तिचा, निम्मा माझा, दस्तावर दोघींची नावं आणि तिचं आधी. त्यासाठी सांगलीचं घर विकावं लागलं. ते घर बाबांच्या नावावर होतं आणि दादा जर्मनीत, त्यामुळे पहिल्या बोलण्यापासून किल्ली हातात येईपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. या काळात मी खूप शोधलं. नवरा-बायकोने मिळून घर घेण्याबद्दल ढीगभर माहिती मिळते, लेकीने म्हाताऱ्या आईबरोबर घेण्याबद्दल फारशी मिळत नाही. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. कर आणि शुल्कांचे आकडे आमच्या व्यवहाराच्या वेळचे, म्हणजे २०२४-२५ चे आहेत. तुमच्या वेळी वकील आणि सीए यांना विचारून खात्री करून घ्या.

आई सांगलीच्या गावभागात चाळीसहून अधिक वर्षं राहिली. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. गावभागात राहायचं म्हणजे कृष्णेबरोबर राहायचं. २००५ चा पूर पाहिला, मग ऑगस्ट २०१९ चा, तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. नंतर २०२१ ला पुन्हा. आमच्या माजघराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ रंग दोनदा देऊनही दमट हवेत वर यायची. २०२२ ला बाबा गेले. जुलै २०२४ मध्ये नदी पुन्हा चढायला लागली, तेव्हा शेजारच्या मुलांनी आईला उचलून विश्रामबागेत मावशीकडे पोचवलं. पाणी घरात आलं नाही, पण आईचे गुडघे आणि वय पाहता पुढच्या वेळी काय, हा प्रश्न आम्हा दोघा भावंडांपुढे उभा राहिला.

आम्ही वारज्याला भाड्याने राहत होतो, मी, नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. 'तू आमच्याकडे ये' हे मी बाबा गेल्यापासून म्हणत होते. तिचं उत्तर ठरलेलं, "लेकीकडे पाहुणी म्हणून चार महिने राहीन, कायमची येणार नाही." जावयाच्या घरात राहणं तिच्या पिढीला जड जातं आणि त्यावर वाद घालून काही हाती लागत नाही, हे मला कळून चुकलं होतं. मावशीकडून परत आल्यावर ऑगस्टमध्ये तिनेच विषय काढला. "हे घर विकू. त्या पैशात माझं निम्मं घर येईल का पुण्यात? निम्मं तू घे. मग येते." तिच्या या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. त्यानंतर कुठलाही निर्णय घेताना मी स्वतःला हेच विचारत गेले की यात आईचं घर आईचंच राहतंय ना.

आधी तिघांनी बोलून घेतलं. दादा व्हिडिओ कॉलवर, आई आणि मी सांगलीला, माझा नवराही शेजारी. एक फुलस्केप कागद घेऊन अवघड प्रश्न लिहून काढले. आई अंथरुणाला खिळली तर बाई कोण ठेवणार, पैसे कोण देणार? माझी नोकरी गेली तर हप्ता कसा भरायचा? आम्हाला पुणं सोडावं लागलं तर घर विकायचं का, आणि तेव्हा आईने कुठे राहायचं? आईनंतर तिच्या हिश्श्याचं काय? हा शेवटचा प्रश्न कुणी तोंडातून काढेना. शेवटी आईनेच शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, "लिही तेही. मी काय अमर आहे का?" त्या कागदाला कायद्याने काही किंमत नाही, पण पुढे वकिलापुढे बसलो तेव्हा अर्ध काम झालेलं होतं. मिळून घर घेणाऱ्या प्रत्येकाने हा कागद आधी करावा, दलालाला फोन त्यानंतर.

सप्टेंबरपासून सांगलीच्या कागदांना लागलो. घर गावठाणातलं, त्यामुळे सातबारा नाही, मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड). त्यावर बाबांचं नाव. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, दादा आणि मी असे तिघे समान वारस. नगर भूमापन कार्यालयात मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार आणि अर्ज दिला. नोटीस, हरकतींची मुदत, मग फेरफार मंजूर असं करत पत्रकावर तिघांची नावं लागायला दोन महिन्यांवर काळ गेला. एका जुन्या पावतीवर बाबांचं नाव आणि आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलं होतं, तेवढ्यासाठी आणखी एक प्रतिज्ञापत्र. तुमच्या घरचं कुणी गेलं असेल आणि मालमत्ता पत्रकावर अजून त्यांचंच नाव असेल, तर विकायचं नसलं तरी वारस नोंद करून ठेवा. घाईच्या वेळी हेच काम सगळं अडवून धरतं.

मग सीएंनी एक मुद्दा मांडला जो आमच्या डोक्यातही नव्हता. तिघांनी मिळून घर विकलं तर दादा अनिवासी भारतीय, म्हणून त्याच्या हिश्श्यावर घेणाऱ्याला वेगळ्या कलमाखाली आणि बऱ्याच चढ्या दराने टीडीएस (किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो, त्यासाठी तेव्हा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, काढावा लागायचा. सांगलीतला साधा खरेदीदार एवढं ऐकूनच मागे फिरतो. शिवाय आईच्या हाती एक तृतीयांशच हिस्सा आला असता, त्यात पुण्यात निम्मं घर येणं शक्य नव्हतं. दादाने आणि मी आपापला हक्क आईच्या नावे सोडायचा असं ठरलं. वारशाने आलेल्या मिळकतीतला हक्क जवळच्या नात्यात विनामोबदला सोडला तर हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ५०० रुपये लागतं, दस्त मात्र नोंदवावाच लागतो. आणि हक्क एकदा सोडला की सोडला. म्हणून मी दादाला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "आईच्या नावावर राहणार ना? मग पाठव कागद."

दादाला दिवाळीत यायला जमणार नव्हतं, म्हणून त्याने फ्रँकफर्टच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. मसुदा सांगलीच्या वकिलांनी दिला. हे फार महत्त्वाचं, कारण इथला दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारा अधिकारी, कुठली वाक्यं बघतो ते इथल्याच वकिलाला माहीत असतं. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. कुरिअरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा, आमच्याकडे ते मागितलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये हक्कसोडपत्र नोंदवलं आणि पत्रकावर आई एकटी मालक झाली.

गिऱ्हाईक शोधणं हा त्यातला मनाला लागणारा भाग. येणारा प्रत्येक जण आधी भिंतीवरची रेघ शोधायचा, मग भाव पाडायचा. आई काही लपवायची नाही. "२०१९ ला इथपर्यंत होतं," असं म्हणून स्वतः हात लावून दाखवायची. दलाल वैतागायचा. पण शेवटी ज्यांनी घेतलं त्या कुटुंबाला खाली दुकान आणि वर राहणं करायचं होतं, आणि आईच्या सरळ बोलण्यामुळेच त्यांचा विश्वास बसला असं त्यांनी नंतर सांगितलं. ६२ लाखांना सौदा ठरला.

विसार घेण्याआधी सीएंनी आईचं पॅन आधारला जोडलेलं आहे का ते तपासायला सांगितलं. नव्हतं. ८० वर्षांच्या वरच्यांना जोडणीतून सूट आहे, आई ७४ ची. जोडलेलं नसलेलं पॅन निष्क्रिय धरतात, ते तसंच राहिलं असतं तर ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारावर घेणारा जो एक टक्का टीडीएस कापतो, त्याऐवजी त्याला २० टक्के कापावा लागला असता. म्हणजे ६२ हजारांच्या जागी १२ लाख ४० हजार परतावा येईपर्यंत अडकले असते, आणि पुण्याचा व्यवहार तिथेच थांबला असता. हजार रुपये विलंब शुल्क भरलं. आधारवर आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं म्हणून आधी ते दुरुस्त केलं. दोन आठवडे गेले. घरातल्या वयस्कर माणसाचं पॅन आजच तपासून ठेवा, एवढंच सांगेन.

जानेवारी २०२५ मध्ये सांगलीला खरेदीखत झालं. पैसे आईच्या एकटीच्या खात्यात आले. नवऱ्याने आणि मी आधीच ठरवलं होतं की ते आमच्या खात्यात एक दिवससुद्धा यायचे नाहीत. याला भावनेइतकंच कराचंही कारण आहे. जुनं राहतं घर विकून झालेला दीर्घकालीन नफा तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली नव्या घरात गुंतवला तर त्यावर कर लागत नाही. मुदत अशी की विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांच्या आत नवं घर घ्यायचं. पण गुंतवणूक जिने विकलं तिच्याच नावे दिसली पाहिजे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही, तर पैसे बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात. बाबांनी घर १९८० च्या दशकात घेतलेलं, त्यामुळे मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. नोंदणीकृत मूल्यांककाकडून दाखला घेतला. हे मूल्य त्या वेळच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही. नफा साधारण ५३ लाख निघाला. म्हणजे आईचा नव्या घरातला हिस्सा किमान तेवढ्याचा तरी हवा, हे आम्हाला घर बघायच्या आधीच माहीत झालं.

फेब्रुवारीपासून आई आमच्याकडे वारज्याला आली, "घर बघण्यापुरती". प्रत्येक घर तिने स्वतः बघितलं. मी आधी एकटीने बघून येते, तुला कशाला दगदग, असं म्हटलं तर ऐकायची नाही. आणि तिचंच बरोबर होतं, कारण ती ज्या गोष्टी बघायची त्या मला दिसल्याच नसत्या. पहिला प्रश्न नेहमी, "नदी किती लांब?" सिंहगड रस्त्याला एक छान फ्लॅट होता, आमच्या आवाक्यातला. पण २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत काय झालं ते तिने टीव्हीवर पाहिलं होतं. तिने त्या इमारतीच्या वॉचमनला विचारलं आणि जिना न चढता परत फिरली.

मग लिफ्ट. पुण्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींत लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला चार-पाच पायऱ्या आहेत. काही ठिकाणी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते आणि तिथून पुन्हा अर्धा जिना. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' एवढंच असतं. फोनवरच विचारा, रस्त्यापासून दारापर्यंत एकूण पायऱ्या किती. टेप जवळ ठेवा. बाथरूमचं दार बऱ्याच ठिकाणी सव्वादोन फुटांचं असतं. चौकट वजा केली की उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर आत जात नाही. आई प्रत्येक बाथरूममध्ये जाऊन कमोडवर टेकून बघायची आणि उठताना हात कुठे जातो ते दाखवायची. मग भिंतीवर टकटक करायची, तिथे आधाराची दांडी बसेल का ते पाहायला. आधी मला अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर मीच घरमालकांना सांगायला लागले की आई जरा निवांत बघेल.

एप्रिलच्या मध्यावर कोथरूडचं घर सापडलं. १९९० च्या दशकातली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट पार्किंगच्याच पातळीला, तीन बेडरूम, कार्पेट ८६० चौरस फूट. किंमत वाटाघाटीनंतर १ कोटी १८ लाख. आईच्या खोलीला सकाळचं ऊन, आणि दत्ताचं देऊळ चालत जाण्याइतकं जवळ. वकिलांनी कागद बघितले: तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, भोगवटा पत्र, मागची खरेदीखतं, मूळ भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. सोसायटीच्या नावे जमिनीचं मानीव अभिहस्तांतरण झालेलं आहे, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीकडे आलेली आहे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. जुन्या इमारतीत पुढे पुनर्विकास होणार हे गृहीत धरूनच घर घ्यावं लागतं आणि तेव्हा हा कागद लागतो.

आईचे ५९ लाख तयार होते. माझ्या ५९ पैकी १४ माझी बचत आणि ४५ लाखांचं कर्ज. इथे आम्ही सगळ्यात जास्त अडलो. कर्ज मी एकटी फेडणार, पण घरात आईचाही हिस्सा, म्हणून बँक म्हणते की सहमालकाने सहकर्जदार व्हायलाच हवं. एका बँकेत तर आईचं वय धरून मुदत इतकी कमी सांगितली की हप्ता माझ्या पगाराच्या बाहेर गेला. तो अधिकारी सगळं माझ्याशी बोलत होता. आई शेजारच्या खुर्चीत, जणू नाहीच. दुसऱ्या बँकेने आईचं पेन्शन उत्पन्नात धरलंच नाही, त्यामुळे तिचं वयही आड आलं नाही. माझ्या निवृत्तीपर्यंतची १४ वर्षं मिळाली. सही मात्र तिची लागणारच होती.

त्या रात्री आई जेवली नाही. आयुष्यात तिने कुणाकडून पाच रुपये उसने घेतले नव्हते आणि आता पंचाहत्तरीला टेकल्यावर ४५ लाखांच्या कर्जावर सही. तिला खरी भीती वेगळीच होती, आणि ती रास्त होती. माझं काही बरंवाईट झालं तर बँक तिच्या निम्म्या घरावरही येणार. तारण संपूर्ण फ्लॅटचं असतं, फक्त माझ्या हिश्श्याचं नाही. मी तिला 'काही होत नाही गं' म्हणून गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवशी ५० लाखांचा माझा मुदत विमा घ्यायचा अर्ज केला, पॉलिसी हातात येईपर्यंत बँकेच्या कागदांवर सही करायची नाही असं तिला सांगितलं. बँकेने स्वतःचा एकरकमी हप्त्याचा विमा पुढे केला होता. तो घ्यायची सक्ती नसते, आणि माझ्या वयाला साधा मुदत विमा कितीतरी स्वस्त पडला. वैद्यकीय तपासण्या धरून पॉलिसी यायला तीन आठवडे लागले. फ्लॅटचे मालक समजूतदार, थांबले. पॉलिसी आल्यावर आईने चष्मा लावून कर्जाचा पूर्ण करार वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या, अधिकाऱ्याला त्यांचा अर्थ विचारला आणि मग सही केली. ६ जूनला रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० केला, त्याचा फायदा आम्हाला लगेच मिळाला. हप्ता साडेचव्वेचाळीस हजारांच्या आसपास बसला.

नवऱ्याचं नाव घरावर नाही, हे काही नातेवाइकांना खटकलं. त्याला नाही खटकलं. हिशेब तर अगदी सरळ होता: पुणे महापालिका हद्दीत एरवी मुद्रांक शुल्क सात टक्के पडतं, सगळ्या खरेदीदार महिला असतील तर एक टक्का सवलत. एक जरी पुरुष आला तरी ती जाते. आमचे १ लाख १८ हजार वाचले.

साठेखताच्या मसुद्यात मी एकाच वाक्यावर अडून बसले. दोघींचा हिस्सा प्रत्येकी ५० टक्के अविभक्त, आणि कुणी किती रक्कम कुठल्या खात्यातून दिली, हे आकड्यांसकट लिहायचं. वकील म्हणाले, हिस्सा लिहिला नसेल तर पुढे वाद होतात. आणखी एक गोष्ट त्यांनी आईला नीट समजावली. आपल्याकडे दोन नावं असली म्हणून एक गेल्यावर घर आपोआप दुसऱ्याचं होत नाही. सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजेही मालकी नव्हे. तिच्या हिश्श्याचं काय ते मृत्युपत्रच ठरवणार, नाहीतर वारसा कायदा. बक्षीसपत्र करून आत्ताच सगळं मुलीच्या नावे करावं का, असं आईने विचारलं तेव्हा ते ठाम 'नाही' म्हणाले, आणि मला ते ऐकून हायसं वाटलं.

साठेखताची नोंदणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. ग्रास या सरकारी पोर्टलवर चलन भरलं: मुद्रांक शुल्क ७ लाख ८ हजार, नोंदणी फी ३० हजार, कारण एक टक्क्यावर ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. दस्ताची माहिती ऑनलाइन भरून वेळ घेतली. पुणे शहरातल्या मिळकतीचा दस्त हवेली तालुक्याच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता येतो. म्हणून मी आधी फिरून तळमजल्यावरचं, बसायला खुर्च्या असलेलं कार्यालय निवडलं. ज्यांना बाहेर पडणंच शक्य नाही त्यांच्यासाठी गृहभेटीची सोय आहे, वैद्यकीय दाखला आणि जादा फी लागते. आईला तेही सांगितलं होतं. ती म्हणाली, "माझ्या घराचा दस्त मी जाऊन करीन."

आमचा नंबर यायला दुपार झाली. डबा आणि तिच्या गोळ्या बरोबर होत्या, तुम्हीही न्या. यंत्रावर तिच्या अंगठ्याचा ठसा येईना. आयुष्यभर खडू आणि भांडी, रेषा झिजून गेलेल्या. तिथल्या ऑपरेटर मुलाने, "आजी, घाई नाही," म्हणत ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसला, मग स्वतःच्या तळहातावर चोळून जरा ऊब दिली आणि हलकेच यंत्रावर धरला. तिसऱ्यांदा ठसा उमटला आणि पडद्यावर तिचा फोटो, खाली नाव, 'लिहून घेणार क्रमांक १'. तिने मान पुढे करून ते वाचलं. ठशाची अडचण घरी आधीच लक्षात आली असेल तर थोडं तेल चोळून, हात पुसून न्या, आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार मूळ आधारकार्डासह वेळेवर हजर ठेवा.

टीडीएसचं एक सांगायलाच हवं. घेणाऱ्या दोघी, विकणारे दोघे पती-पत्नी, म्हणून टीडीएस भरायचे २६क्यूबी अर्ज चार, प्रत्येकी २९,५००. प्रत्येक अर्जातली रक्कम ५० लाखांच्या आत आहे म्हणून टीडीएस सुटतो असं काही जण सांगतील. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमत बघतात. कापल्याच्या महिन्यानंतर ३० दिवसांत भरायचा. आईचं आयकर पोर्टलवर खातंच नव्हतं. ते उघडून, तिच्याच मोबाइलवर ओटीपी घेऊन, तिला शेजारी बसवून भरलं.

बँकेने पैसे दिल्यावर खरेदीखत झालं आणि जूनअखेर किल्ली मिळाली. नंतरची कामं किरकोळ वाटतात पण सोडू नयेत. बँकेकडे तारणाची नोटीस नोंदवली का ते विचारून पावती घ्या. सोसायटीत हस्तांतर शुल्क ५००, प्रवेश फी १००, आणि प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्याहून अधिक 'देणगी' मागितली तर नम्रपणे नियम दाखवा. महावितरणचं नाव बदललं. पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहत असल्याबद्दलची ४० टक्के सवलत नव्या मालकाला हवी असेल तर पीटी-३ अर्ज वेगळा द्यावा लागतो, हे शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून कळलं.

घराच्या किमतीवर दलाली, वकील, बँकेचं शुल्क, बाथरूमचं काम आणि सांगलीचा टेम्पो धरून साधारण अकरा लाख वर गेले. मुद्रांक शुल्काचा निम्मा भाग आईने दिला, त्यासाठी एक एफडी मोडली. मी नको म्हणाले तर कागद काढून दाखवला, "निम्मं लिहिलंय." आता सोसायटीच्या मेंटेनन्सचा निम्मा हिस्साही ती पेन्शनमधून दर महिन्याला माझ्या खात्यावर टाकते. मी घेते. हे पैसे नाकारणं म्हणजे तिला पुन्हा पाहुणी करणं.

बाथरूममध्ये दांड्या, खडबडीत फरशी, दाराचा उंबरा काढून उतार, दार अडीच फुटांचं, आणि पलंगापासून तिथपर्यंत रात्रीचे दिवे. श्रावणात राहायला आलो. सांगलीहून देव्हारा, तांब्याचा बंब आणि बाबांची आरामखुर्ची आली. पाटा-वरवंटा तिने शेजारणीला दिला. पहिले काही आठवडे तिला फार जड गेले. संध्याकाळी गणपतीच्या देवळात जाऊन बसायची तिची वर्षानुवर्षांची सवय, तिथल्या बायका, भाजीवाली, सगळंच सुटलं. ते कुठल्याही कागदाने भरून येत नाही आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नाही. रोज एका जुन्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून द्यायची जबाबदारी माझ्या मुलीने घेतली.

सप्टेंबरमध्ये आईने मृत्युपत्र केलं. डॉक्टरांचा ती सुस्थितीत असल्याचा दाखला, दोन साक्षीदार, दोघेही घरच्यांपैकी नाहीत. वकिलांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि तसंच असायला हवं. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, दादालाही नाही. त्याच सुमारास सीएंनी तिचं विवरणपत्र भरलं, कलम ५४ ची सूट धरून. सांगलीच्या खरेदीदाराने कापलेल्या ६२ हजारांचा परतावा नंतर तिच्या खात्यावर आला.

त्याच महिन्याच्या शेवटी सोसायटीची वार्षिक सभा होती. संयुक्त सभासदांत ज्याचं नाव पहिलं त्याला मताचा अधिकार असतो, आणि भाग दाखल्यावर आईचं नाव पहिलं. नोटीस तिने सही करून घेतली, मागचा ताळेबंद आदल्या रात्री वाचला आणि इस्त्रीची साडी नेसून खाली गेली. पार्किंगमधून गेटकडे जाताना ज्या तीन पायऱ्या आहेत तिथे एका बाजूला कठडा नाही, तो बसवावा, असा ठराव तिने मांडला. खर्च किती येईल असं कुणी तरी विचारलं. तिने फॅब्रिकेटरकडून आणलेलं कोटेशन पर्समधून काढून सेक्रेटरींना दिलं. ठराव मंजूर झाला, कठडा दिवाळीआधी बसला.